घरच्या टँकमधले मोठे कॅटफिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या कॅटफिशबद्दल मला फोन येतात ते बहुतेक दोनच वेळा. एकदा मासा घरी आणल्यावर आठवड्याभरात, आणि दुसऱ्यांदा मासा टँकमध्ये वळेनासा झाल्यावर. खरं तर फोन यायला हवा दुकानात उभं असताना, पण तो कोणी करत नाही. मीही केला नव्हता. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये चार फुटी टँकात रेडटेल कॅटफिश पाळण्याचा उद्योग मी स्वतः करून बसलोय. त्यामुळे खालच्या उत्तरांत कुठे आवाज चढला असेल, तर तो निम्मा माझ्यावरच आहे असं समजा.

तीन इंचांचा रेडटेल कॅटफिश घेतलाय. किती मोठा होईल?

साडेतीन-चार फूट. इंच नव्हे, फूट. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला. गळाला लागलेले ५० किलोंहून जड मासे तिकडे नोंदले गेलेत. टँकात इतका होत नाही, पण नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षातच फूट ओलांडतो आणि दोन-तीन वर्षांत दोन फुटांच्या पुढे जातो. आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं. म्हणजे मुलगी पहिलीत असताना घेतलात, तर ती कॉलेज संपवेपर्यंत तो तुमच्याकडेच.

दुकानात दिसतो तो काळी पाठ, पांढरा पट्टा, केशरी शेपूट आणि लांब मिशा असलेला पिटुकला. गोंडस दिसतो, हे मान्य. तिथेच घात होतो.

दुकानदार म्हणाला, मासा टँकच्या मापाने वाढतो. खरं का?

खोटं. वाढ खुंटते हे खरं, पण ती कोंडलेल्या जागेने आणि साचलेल्या घाणीने खुंटते. असा मासा पुढे पाठीत वाकडा होतो, नाक काचेवर घासून सोलवटून घेतो आणि लवकर मरतो. दहा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाचे बूट घातल्याने त्याचा पाय लहान राहत नाही.

मग टँक केवढा लागेल?

माझा ठोकताळा असा: लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या तिप्पट आणि रुंदी किमान माशाएवढी, म्हणजे त्याला अंग न मुडपता वळता येईल. उंचीला त्यामानाने कमी महत्त्व, कारण हे तळाशी राहणारे मासे. रेडटेलसाठी हा हिशेब १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि अडीच फूट खोल इथे येतो. १०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे २,८०० लिटरच्या वर. आणि हेही कसंबसं.

घरोघरी असतो तो टँक ४ × दीड × दीड फुटांचा, म्हणजे जेमतेम २५५ लिटरचा. त्यात दोन फुटी मासा म्हणजे बाथरूमच्या टबात म्हैस.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्लॅबला चालेल ना?

हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, बरेच जण विचारत नाहीत. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून आखतात. आता पाण्याचं गणित करा: एक फूट खोल पाणी दर चौरस मीटरला सुमारे ३०५ किलो भार टाकतं. अडीच फूट म्हणजे ७६० किलो. काच, स्टँड, वाळू, दगड वेगळे.

चार फुटी टँक भिंतीलगत, बीमच्या बाजूला ठेवला तर सहसा अडचण येत नाही, कारण त्याने व्यापलेली जागा लहान असते आणि भार आजूबाजूला पसरतो. सहा फुटांच्या पुढे जायचं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. सोसायटीच्या सेक्रेटरीचं ‘काही होत नाही हो’ हे इंजिनिअरचं प्रमाणपत्र नव्हे. इमारत जुनी असेल आणि गळतीचे डाग असतील तर विषय तिथेच संपवा.

मी ‘शार्क’ घेतलाय, पण लोक म्हणतात तो कॅटफिश आहे.

लोक बरोबर म्हणतायत. दुकानात आयरिडेसेंट शार्क किंवा नुसता शार्क म्हणून विकतात तो पंगस. गोरा असेल तर व्हाइट शार्क. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला, १३० सेंटिमीटर आणि ४४ किलोंपर्यंत जाणारा. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. आंध्रात त्याची तळीच्या तळी भरून शेती होते, आणि त्याच्यासाठी योग्य जागा तळंच.

घरात पंगसची अडचण नुसत्या आकाराची नाही, स्वभावाचीही आहे. हा थव्याने पोहणारा, सतत फिरता आणि कमालीचा भित्रा मासा. दिवा पटकन लावला, कोणी दार आपटलं की गोळीसारखा सुटतो आणि काचेवर आदळतो. मग तळाशी उलटा पडून मेल्याचं नाटक करावं तसा निपचित राहतो. एकटा ठेवला तर आणखी बिथरतो आणि पाच ठेवावेत तर घरात जागा कुठे? मला विचाराल तर फ्लॅटमध्ये रेडटेलपेक्षा पंगसचे हाल जास्त होतात. रेडटेल निदान पडून तरी राहतो.

टँक क्लीनर घेतला होता शेवाळं खायला. आता तोच फूटभर झालाय आणि टँक पूर्वीपेक्षा घाण.

सकर माउथ, सकर, प्लेको, टँक क्लीनर, सगळी एकाच माशाची नावं. दीड फुटांपर्यंत जातो. लहान असताना काच चाटतो, मोठा झाला की शेवाळ्यापेक्षा तुमचे पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, त्याला आवडू लागतात आणि दिवसभर दोऱ्यासारखी विष्ठा सोडतो. टँक साफ करणारा मासा नावाची गोष्ट जगात नाही. साफ करणारा माणूस असतो, हातात पाइप घेतलेला.

त्याला काकडी, दुधी, लाल भोपळा यांचे काप द्या, उकळत्या पाण्यातून काढून, काट्या-चमच्यातल्या काट्याला खोचून तळाशी सोडा. सकाळी उरलेलं काढून टाका. एक लाकडाचा ओंडका ठेवा, तो खरवडायला लागतो. रात्री दुसऱ्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर चाटत असेल, तर तो उपाशी आहे किंवा सोबत चुकली आहे.

रेडटेल किंवा टायगर शोव्हेलनोजला (हाही मोठा, मांसाहारी कॅटफिश) खायला काय घालू?

रोजचं जेवण म्हणून तळाशी बसणारे, मांसाहारी माशांसाठीचे पेलेट. कंटाळवाणं उत्तर आहे, पण त्यात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात आणि पाणी कमी खराब होतं. तरंगणारे पेलेट घेऊ नका. तळाचा मासा वर येऊन हवा गिळत खातो आणि मग पोट फुगतं म्हणून तुम्ही मला फोन करता.

पेलेटला जोड म्हणून बाजारातलं खाणं. चिलापी उत्तम: स्वस्त, कमी तेलाची, कुठेही मिळते. खवले आणि मोठे काटे काढून तुकडे करा. कोळंबी डोकं आणि काटेरी टोकं काढून, लहान माशाला पूर्ण सोलून. स्वच्छ मातीतली गांडुळं लहान वयात फार आवडतात; खत किंवा औषध मारलेल्या कुंडीतली नकोत. तिसऱ्यांचं मांस अधूनमधून. बांगडा आणि तारली शक्यतो टाळा, विषारी म्हणून नव्हे, पण त्यांच्या तेलाचा तवंग पाण्यावर येतो आणि दोन दिवस घरात बंदरासारखा वास येतो. खारवलेलं, मसाला लावलेलं काहीही नको. हे लिहायची वेळ यावी याचं मलाही वाईट वाटतं, पण रविवारच्या तळलेल्या सुरमईचा तुकडा टँकात टाकणारे काका मी पाहिलेत.

बाजारातून आणलेलं सगळं आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, त्याने बरेचसे परजीवी मरतात. मग थंड पाण्यात मोकळं करून, त्या घासाचं पाणी ओतून देऊन, फक्त तुकडे टँकात घाला.

चिकन, काळीज, मटण?

नको. नदीतल्या माशाच्या पोटात कोंबडी कधी गेलेली नसते. ती चरबी त्याला नीट पचत नाही आणि यकृताभोवती साचत जाते. मासा बाहेरून गुटगुटीत दिसतो आणि एक दिवस अचानक मरतो. आठवड्याला पाव किलो काळीज खाणारा मासा ‘मस्त वाढतोय’ असं सांगणाऱ्यांना दोन वर्षांनी पुन्हा विचारा.

जिवंत गोल्डफिश टाकले तर? बघायला मजा येते.

मजा कोणाला येते हा वेगळा विषय. दुकानातले स्वस्त फीडर मासे दाटीवाटीत वाढलेले असतात आणि त्यांच्याबरोबर इच (अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग), बुरशी, जंत घरी येतात. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे: गोल्डफिश आणि कार्प जातीच्या माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाऊ घातलं तर मासा तोल जाऊन गोल फिरू लागतो, झटके येतात. चिलापीत ही भानगड नाही.

किती वेळा खायला घालू? तो सारखा मागत असतो.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या प्रेमापोटी होतात, त्यामुळे समजावणं अवघड जातं.

सहा इंचांपर्यंत: रोज एकदा, थोडं. सहा इंच ते फूटभर: दिवसाआड. फुटाच्या पुढे: आठवड्यातून दोनदा. दोन फुटांच्या पुढे: आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांतून. प्रमाण पोटावरून ठरवा. खाल्ल्यावर पोटाला हलकी गोलाई आली पाहिजे. चेंडू दिसला तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशीही पोट उतरलेलं नसेल तर पुढचं जेवण रद्द.

तो मागतो कारण नदीत पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नसतो. दिसेल ते गिळायचं एवढंच त्याला येतं. पोट भरलं म्हणून थांबणं त्याला ठाऊक नाही, ते तुम्हाला ठाऊक हवं. आमच्याकडे आई रोज संध्याकाळी देवाला दिवा लावला की ‘बिचारा बघतोय गं’ म्हणत त्याला मूठभर पेलेट टाकायची, सकाळी मी टाकायचो, आणि दुपारी मुलगा. तिघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. शेवटी टँकवर कॅलेंडर टांगलं आणि खाऊ घालणाऱ्याने त्यावर फुली मारायची असं ठरलं. हा उपाय सगळ्यांना सुचवतो. एकत्र कुटुंबात तर हवाच.

वेळ दिवे मालवल्यावरची, हे निशाचर मासे आहेत. पाणी बदलायच्या किंवा मासा हलवायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका. घाबरला की सगळं ओकतो, आणि ते अर्धवट पचलेलं पाण्यात विरघळण्याआधी काढताना तुमचीही भूक जाते.

पेलेट तोंडात घेतो आणि थुंकतो.

कोळंबीची चटक लागली आहे. फूटभर मासा पाच-सहा दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. मग पेलेट कोळंबीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. तरी नाही खाल्ला तर काढून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा. आठवडा-दोन आठवडे लागतात. यात मासा हरतो की घरातली मंडळी, यावर सगळं आहे.

पूर्वी तुटून पडायचा, आता चार दिवस काहीच खात नाही.

आधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासा, ही माशाच्या घाणीतून तयार होणारी विषं. दोन्ही शून्य हवेत. मग पाण्याचं तापमान. मग टँकातल्या वस्तू मोजा. थट्टा करत नाही. रेडटेल गोटे, हीटरचे सक्शन कप, थर्मामीटर, शोभेचा प्लास्टिकचा बेडूक, सगळं गिळतो. बऱ्याचदा ओकून टाकतो, कधीकधी अडकतं. म्हणून त्याच्या टँकात खडी नको. बारीक वाळू किंवा उघडी काच, आणि दगड ठेवायचे तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे.

फिल्टर कोणता आणि पाणी किती बदलू?

मोठा मासा म्हणजे मोठी घाण. छोटे टॉप फिल्टर इथे खेळणी ठरतात. मोठा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), नाहीतर खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, बांधून घ्या, आणि पंप असा घ्या की तासाला टँकचं पाणी चार-पाच वेळा फिरेल. टँक नवा असेल तर फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर मोठा मासा नको.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली राहिलं पाहिजे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय ते टँकात ओतू नका. टँकरचं पाणी प्रत्येक वेळी वेगळ्या विहिरीचं असू शकतं, तेव्हा दर वेळी पीएच बघा. बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि पीएच ८ च्या आसपास असतं. कॅटफिश त्यात जगतात, पण एक लक्षात ठेवा: पीएच ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातला विषारी हिस्सा साधारण दहापट होतो. म्हणजे चाचणीत तोच आकडा दिसला, तरी तुमच्या टँकात तो शेजाऱ्याच्या टँकपेक्षा दहापट जहाल असू शकतो.

लोडशेडिंग झालं तर?

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. वीज नसेल तोवर खायला घालू नका. पंगस आणि सकर गरज पडली तर वरची हवा गिळून तग धरतात; रेडटेलचं तसं नाही. कॅनिस्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल, तर आतलं पाणी बादलीत काढून टाका आणि मगच चालू करा. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात आणि ती सगळी घाण एकदम टँकात येते.

हीटर हवा का?

मुंबई-कोकणात सहसा नाही. पुणे, नाशिककडच्या थंडीत हवा. पाणी २४ अंशांच्या खाली फार दिवस जाऊ देऊ नका. हीटरला जाळीचं कवच घाला किंवा तो संपमध्ये ठेवा, टँकात उघडा असेल तर मासा त्यावर टेकतो आणि भाजतो. विदर्भात प्रश्न उलटा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात तिथे एअर पंपाचे बुडबुडे सोडणारे दगड दुप्पट करा आणि जेवण कमी.

अंगावर पांढरे ठिपके आलेत. औषधाच्या बाटलीवर लिहिलंय तेवढं घालू?

नको. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात. मॅलकाइट ग्रीन, फॉर्मलिन, तांबं असलेली औषधं त्यांना लवकर बाधतात. निम्म्या प्रमाणाने सुरू करा, हवा वाढवा, तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या आणि फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

सोबत कोणते मासे ठेवू?

त्याच्या तोंडात न मावणारे. आणि तोंड तुमच्या अंदाजापेक्षा मोठं असतं.

मासा पकडताना हाताला काटा लागला.

कॅटफिशच्या छातीच्या परांना ताठ काटे असतात आणि ते उघडे अडकवून ठेवता येतात. जाळीत गुंतले की मासाही जखमी, तुम्हीही. मोठा मासा जाळीने धरूच नका, टब पाण्यात बुडवून त्यात हाकला. आपल्याकडच्या शिंगीचा काटा खरोखर विषारी आहे. हात सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवला की कळ उतरते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि सूज वाढली तर डॉक्टरकडे जा.

मागूर पाळू का?

देशी मागूर पाळता येतो. थाई मागूर नको: आफ्रिकेतून आलेल्या या जातीच्या शेतीवर आणि विक्रीवर देशात बंदी आहे. दोघांत फरक ओळखणं नवख्याचं काम नाही, म्हणून खात्री नसेल तर घेऊच नका.

आता मावत नाही. तलावात किंवा नदीत सोडला तर तोही सुखी, आम्हीही.

नाही. अजिबात नाही. उजनीच्या कोळ्यांना जाळ्यात सापडणारा ‘हेलिकॉप्टर मासा’ म्हणजे आपलाच टँक क्लीनर. कोणीतरी त्याचे पूर्वज असेच सोडले. तो काठ पोखरून बिळं करतो, त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. विसर्जनाच्या दिवशी तलावावर पिशवीतून मासा घेऊन आलेले लोक पाहिलेत मी. पुण्य लागत नाही त्याने. शेतातली विहीरही नको, पावसाळ्यात विहीर आणि ओढा एकच होतात.

दुकानदाराला परत विचारा, काही जण घेतात. हौशी लोकांच्या गटात सांगा. ज्यांच्याकडे बंदिस्त, मोठा सिमेंटचा हौद आहे असा कोणी शोधा. हे सगळं मासा फूटभर असताना सुरू करा. अडीच फुटी मासा फुकटही कोणी नेत नाही.

एवढं ऐकूनही कॅटफिश हवाच असेल तर?

तर मिशा आहेत आणि घरात मावतात असे कितीतरी आहेत. कोरीडोरास दोन-अडीच इंचांचे, सहाचा घोळका ठेवा. ब्रिसलनोज प्लेको पाच इंचांवर थांबतो आणि शेवाळं खरंच खातो. पिक्टस साधारण तेवढाच, चपळ, लांब मिशांचा. रेडटेलच्या मिशांसाठीच वेडे झाला असाल तर हा घ्या.

तो माणसं ओळखतो का?

खाऊ घालणारा ओळखतो. आमचा रेडटेल पेलेटच्या डब्याचं झाकण वाजलं की कोपऱ्यातून निघायचा. दीड फुटाचा झाल्यावर कर्जतच्या एका ओळखीच्यांच्या हौदात नेऊन दिला. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा मुद्दाम तोच डबा घेऊन गेलो आणि काठावर बसून वाजवला. बराच वेळ काही नाही. मग हिरव्या पाण्यातून मिशा वर आल्या. आठवड्याचं जेवण आदल्या दिवशीच झालं होतं, त्यामुळे काही घातलं नाही. डबा परत पिशवीत ठेवला.